सीरमचा थेंब ते मॉडेल: इन्फ्रारेडने कर्करोग शोधण्याचा प्रयोग नीट कसा करायचा

सीरमवरून, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यावरून, कर्करोग ओळखणाऱ्या माझ्या पहिल्या संगणकीय मॉडेलची अचूकता ९७ टक्के आली, त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये पेढे आणले होते. पेढे संपत आले आणि एका ज्युनिअर मुलीने विचारलं, "दादा, पेशंटच्या नळ्या पिवळ्या झाकणाच्या आणि कंट्रोलच्या लाल, असं का?" रुग्णांचं रक्त एका रुग्णालयातून जेलच्या नळ्यांत यायचं, निरोगी माणसांचं, म्हणजे तुलनेसाठीच्या कंट्रोलचं, आम्ही स्वतः साध्या नळ्यांत काढलं होतं. दुसऱ्या दिवशी पाच-सहा धडधाकट सहकाऱ्यांचं रक्त दोन्ही नळ्यांत घेतलं, सीरम काढलं आणि मॉडेलला दिलं. पिवळ्या झाकणातल्या सगळ्यांना त्याने कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. लाल झाकणातली तीच माणसं ठणठणीत!

तेव्हापासून या विषयावर प्रोजेक्ट करायचा म्हणून कोणी आलं, की मी आधी फ्रीझर दाखवतो, लॅपटॉप नंतर. मशीन लर्निंगचा भाग दोन दुपारींचा आहे. बाकी सगळा खेळ नळीचा, घड्याळाचा आणि माणसांच्या निवडीचा. हा लेखही त्याच प्रमाणात लिहिला आहे.

मुळात आपण मोजतो काय

इन्फ्रारेड प्रकाश पडला की रेणूंमधले बंध आपापल्या ठरलेल्या वारंवारितेला थरथरतात आणि तेवढा प्रकाश गिळतात. कुठे किती गिळला, याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. आडव्या अक्षावर वेव्हनंबर असतो, एकक 'प्रति सेंटिमीटर', आणि आपल्याला साधारण ४००० ते ४०० हा पट्टा लागतो. पुढे नुसता आकडा आला तर तो वेव्हनंबरच समजा. मोजणाऱ्या यंत्राला एफटीआयआर म्हणतात. औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आणि बऱ्याच कॉलेजांच्या रसायनशास्त्र विभागांत ते सापडतं.

वाळलेल्या सीरमच्या स्पेक्ट्रममध्ये १६५० आणि १५४५ च्या आसपास दोन उंच डोंगर दिसतात. ते प्रथिनांचे, अमाइड-१ आणि अमाइड-२. २८५० ते २९६० मध्ये स्निग्ध पदार्थांच्या साखळ्या, १७४० ला त्यांचाच एस्टर, १४०० च्या जवळ कार्बोक्सिलेट, १२४० आणि १०८० ला फॉस्फेट, आणि १०३० ते ११५० मध्ये साखरेचे बंध.

यात 'कर्करोगाचं पीक' (पीक म्हणजे आलेखातलं टोक) कुठेच नाही. एक लिटर सीरममध्ये नुसतं अल्ब्युमिनच ३५ ते ५० ग्रॅम असतं. गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे त्यापुढे इतके किरकोळ, की हे यंत्र त्यांना बघूच शकत नाही. दिसतो तो शरीराचा प्रतिसाद. दाह वाढला की यकृत हॅप्टोग्लोबिनसारखी प्रथिनं जास्त बनवतं, अल्ब्युमिन कमी होतं, प्रतिपिंडांचं प्रमाण बदलतं, स्निग्ध पदार्थांचा तोल हलतो. अल्ब्युमिनची घडण मुख्यतः सर्पिल असते, तिचा अमाइड-१ १६५५ च्या जवळ येतो. प्रतिपिंडांची घडण पत्र्यासारखी, तिचा १६३५ कडे. दोघांचं प्रमाण बदललं की डोंगराचा खांदा किंचित सरकतो. मॉडेल असले शेकडो बारीक बदल एकत्र वाचतं.

पण हेच बदल क्षयरोगात होतात, संधिवातात होतात, साध्या न्यूमोनियातही होतात. ही अडचण पुढच्या प्रत्येक पायरीवर आडवी येणार आहे.

आतापर्यंत कुठवर मजल गेली आहे

म्युनिकच्या गटाने २०२१ मध्ये १६३९ जणांच्या सीरम आणि प्लाझ्मावर (न गोठलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा द्रव) काम प्रसिद्ध केलं. स्तन, मूत्राशय, प्रोस्टेट आणि फुप्फुस असे चार कर्करोग, आणि समोर काळजीपूर्वक जुळवलेले कंट्रोल. सपोर्ट व्हेक्टर मशीन (दोन गटांमध्ये सीमारेषा आखणारं मॉडेल) वापरून एयूसी आला ०.७८ ते ०.८९. गाठ जितकी मोठी, तितका आकडा चांगला. एयूसी म्हणजे काय? डोळे मिटून एक रुग्ण आणि एक कंट्रोल उचलला, तर मॉडेल रुग्णाला जास्त गुण देण्याची शक्यता. नाणेफेकीला ०.५ मिळतात, त्यावरून अंदाज करा.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या गटाने मेंदूच्या गाठींवर लक्ष ठेवलं. २०१९ च्या त्यांच्या निबंधात संवेदनशीलता (रुग्णांपैकी किती पकडले) ९३.२ आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) ९२.८ टक्के होती. त्यांचा प्रश्न मला फार आवडतो: डोकेदुखी घेऊन येणाऱ्या शेकडो लोकांपैकी स्कॅनच्या रांगेत पुढे कोणाला घ्यायचं? 'कर्करोग आहे का' यापेक्षा हा प्रश्न लहान आहे, आणि म्हणूनच सुटण्यासारखा.

आपल्याकडे खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कर्करोगावर रामन स्पेक्ट्रोस्कोपीने काम झालं आहे, सीरमवरसुद्धा. रामन ही इन्फ्रारेडची चुलत बहीण, ती विखुरलेल्या प्रकाशावरून रेणूंची थरथर वाचते. तिला पाण्याचा फारसा त्रास होत नाही. इन्फ्रारेडला मात्र पाणी म्हणजे डोकेदुखी.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

कोणाला कोणापासून वेगळं करायचं आहे, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. 'तोंडात पांढरा चट्टा असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, चाळिशीपुढच्या लोकांत कर्करोग कोणाला आहे?' हा प्रश्न झाला. 'कर्करोगी विरुद्ध निरोगी' हा प्रश्न नव्हे. रुग्ण साठीचे आणि कंट्रोल कॉलेजच्या रक्तदान शिबिरातले विशीचे असतील, तर मॉडेल वय शिकेल. रुग्णांत मधुमेही जास्त असतील तर साखर शिकेल. त्याला सोपी वाट दिसली की ते तीच धरतं, त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून कंट्रोल त्याच ओपीडीतून घ्या: तीच तक्रार घेऊन आलेले, तपासणीत कर्करोग नाही असं निघालेले. वय, लिंग, तंबाखू, मधुमेह जुळवा. निदानाचा आधार बायोप्सीच हवा, आणि रक्त निदानाआधी किंवा निदानाच्या वेळी घेतलेलं. केमोथेरपीनंतरच्या रक्तात मॉडेल औषधाचे परिणाम शोधत बसेल.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाच्या भाषेतलं संमतिपत्र हे सगळ्यात आधी. मंजुरीला महिने लागतात, तेवढा वेळ धरूनच चाला. नळीवर नाव नाही, फक्त कोड.

पायरी २: शिरेपासून फ्रीझरपर्यंत

सीरम की प्लाझ्मा, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. प्लाझ्माच्या नळीतल्या ईडीटीए आणि सायट्रेटला (रक्त गोठू न देणारी रसायनं) इन्फ्रारेडमध्ये स्वतःची पीक असतात, १६०० आणि १४०० च्या आसपास, म्हणजे नेमकी प्रथिनांच्या अंगणात. मी सीरम घेतो. नळी एकाच कंपनीची, शक्यतो एकाच लॉटची, दोन्ही गटांसाठी.

सकाळी उपाशीपोटी रक्त. वडापाव खाऊन आलेल्या माणसाचं सीरम ढगाळ दिसतं आणि १७४० चं पीक उगाचच उंचावतं. नळी उभी ठेवून खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं गुठळी होऊ द्या. मग सेंट्रिफ्यूज, साधारण १५०० ते २००० जी, दहा मिनिटं. 'जी' म्हटलंय, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) नव्हे. रोटर बदलला की आरपीएमचा अर्थ बदलतो, आणि नेमका हाच घोळ दोन केंद्रांमध्ये होतो. वरचं सीरम लहान व्हायलमध्ये वाटून उणे ८० ला. वाटून ठेवायचं कारण, एक व्हायल एकदाच वितळवायची. सीरम गुलाबी दिसलं तर लाल पेशी फुटल्या आहेत. नोंद करा आणि वगळा.

एक वही ठेवा. रक्त किती वाजता काढलं, किती वाजता फिरवलं, कोणी काढलं, फ्रीझरमध्ये कधी गेलं, वीज कधी गेली. पुढे कधीतरी हीच वही तुमचं मॉडेल खोटं ठरवेल, आणि ते निबंध छापून येण्याआधी झालं तर चांगलंच.

पायरी ३: थेंब

एटीआर नावाची जोडणी वापरू. खालच्या बाजूने प्रकाश हिऱ्याच्या छोट्या स्फटिकात शिरतो, वरच्या पृष्ठभागावरून परततो, आणि परतताना स्फटिकाला चिकटलेल्या पदार्थात जेमतेम एक-दोन मायक्रॉन डोकावतो. १६५० ला सुमारे १.२ मायक्रॉन, १००० ला सुमारे २. थेंब किती जाड आहे याला त्यामुळे फार महत्त्व नाही, पण स्फटिकाला नीट टेकला आहे का याला आहे.

हातमोजे घाला. प्रत्येक नमुना संसर्गजन्य धरूनच हाताळायचा. सीरम बर्फावर वितळवा, हलक्या हाताने उलटसुलट करा, फेस नको. मायक्रोपिपेटने एक मायक्रोलिटर हिऱ्याच्या मधोमध. टोक स्फटिकाला घासू नका.

आता स्क्रीनवर लाइव्ह स्पेक्ट्रम चालू ठेवा आणि बघत बसा. हे दृश्य मला अजूनही आवडतं. सुरुवातीला ३३०० ला पाण्याचा अजस्र ढिगारा दिसतो आणि १६४० ला पाण्याचंच दुसरं पीक अमाइड-१ च्या अंगावर बसलेलं. मिनिट-दोन मिनिटं काहीच होत नाही. मग थेंबाच्या कडेला पांढुरकी रेघ उमटते, ढिगारा खचायला लागतो, आणि धुक्यातून डोंगर वर यावेत तसे अमाइडचे दोन सुळके मोकळे होतात. वातानुकूलित खोलीत याला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. जुलैमध्ये एसी बंद पडला, तर विसाव्या मिनिटालाही ३३०० हलत असतं. घाई म्हणून पंखा लावू नका, हेअर ड्रायर तर नकोच. सलग दोन मिनिटं स्पेक्ट्रम हलला नाही की वाळलं असं धरायचं.

वाळताना प्रथिनं कडेला सरकतात, चहाच्या डागाची कड गडद होते तशीच. म्हणून एकाच थेंबावर विसंबू नका. प्रत्येक व्यक्तीचे तीन स्वतंत्र थेंब.

मधे स्फटिक पाण्याने, मग ७० टक्के अल्कोहोलने, मऊ टिश्यूने पुसा. पुसल्यावर लगेच एक रिकामा स्पेक्ट्रम घ्या. १६५० ला टेकडी दिसली तर मागच्या माणसाचं सीरम अजून तिथेच आहे.

पायरी ४: मोजणी

रेझोल्यूशन ४, स्कॅन ३२ किंवा ६४, प्रत्येक थेंबाआधी नवा बॅकग्राउंड (रिकाम्या स्फटिकाची मोजणी). यंत्रावर वाकून मोजू नका. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड २३५० ला दोन जोडटोकांच्या रूपात हजर होतो. हवेतली वाफ १३०० ते १९०० मध्ये बारीक कंगव्यासारखे दात काढते, आणि तो कंगवा अमाइडवर बसला की पुढे डेरिव्हेटिव्ह (आलेखाच्या उताराचा बदल) घेताना वाट लागते. यंत्रातून कोरड्या हवेचा किंवा नायट्रोजनचा झोत सोडायची सोय (पर्ज) असेल तर वापरा, सिलिका जेल वेळेवर बदला.

सगळ्यात मोठा नियम: सोमवारी रुग्ण आणि मंगळवारी कंट्रोल असं कधीही मोजायचं नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे कळता कामा नये. शिवाय बऱ्याच जणांचं सीरम एकत्र करून एक साठा बनवा, त्याच्या व्हायल गोठवून ठेवा आणि दर दहा नमुन्यांमागे त्यातला एक मोजा. हा आपला साक्षीदार. त्याचा स्पेक्ट्रम सरकला तर यंत्र सरकलं.

पायरी ५: स्पेक्ट्रम स्वच्छ करणं

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. १८०० ते २७०० हा भाग काढून टाका. सीरमचं तिथे काही नसतं आणि हिरा स्वतःच तिथे प्रकाश शोषतो. ९०० ते १८०० आणि २८०० ते ३००० ठेवा. मग सवित्झ्की-गोले पद्धतीने दुसरा डेरिव्हेटिव्ह, खिडकी ९ ते १३ बिंदूंची, त्यानंतर व्हेक्टर नॉर्मलायझेशन. डेरिव्हेटिव्हने बेसलाइनची उतरण जाते, नॉर्मलायझेशनने थेंब कमीजास्त पसरल्याचा फरक जातो. दहा पद्धती चालवून जिचा आकडा चांगला ती निवडायची, हा मोह टाळा. निवडायचीच असेल तर पुढे सांगितलेल्या आतल्या फेरीत निवडा.

पायरी ६: मॉडेल

आधी पीसीए, म्हणजे शेकडो आकड्यांमधला मुख्य फरक दोन-तीन अक्षांवर आणणारी पद्धत. आणि पहिला आलेख रुग्ण-कंट्रोल अशा रंगांत काढू नका. तारखेप्रमाणे रंगवा, मग नळीच्या लॉटप्रमाणे, मग रक्त काढणाऱ्याप्रमाणे, मग वयाप्रमाणे. ठिपक्यांचे पुंजके तारखेने पडत असतील तर तिथेच थांबा. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पुढची चूक जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी करतो. एका माणसाचे तीन थेंब, थेंबाच्या तीन मोजण्या, म्हणजे नऊ स्पेक्ट्रम. शंभर माणसांचे नऊशे. हे नऊशे पिसून ऐंशी-वीस वाटले की एकाच माणसाचे सात स्पेक्ट्रम शिकवणीत आणि दोन परीक्षेत जातात. मॉडेल मग माणूस ओळखतं, आजार नव्हे. हे शब्दशः खरं आहे: म्युनिकच्याच गटाने ३१ निरोगी लोकांचं रक्त सात आठवड्यांत १३ वेळा आणि पुन्हा सहा महिन्यांनी तपासून दाखवलं, की प्रत्येकाची इन्फ्रारेड ठेवण बरीच स्थिर आणि त्याची स्वतःची असते. म्हणून विभागणी नेहमी माणसांची, स्पेक्ट्रमची नाही. पायथनच्या सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत गटवार के-फोल्ड (एका व्यक्तीचे सगळे स्पेक्ट्रम एकाच भागात ठेवणारी विभागणी) आहे, त्याला व्यक्तीचा कोड द्या. किंवा सरळ नऊ स्पेक्ट्रमची सरासरी घेऊन माणशी एकच ठेवा. मी बहुतेकदा हेच करतो.

परीक्षेतली माहिती अशी शिकवणीत झिरपणं म्हणजे गळती, आणि दुसरी गळती लपलेली असते. डेरिव्हेटिव्ह आणि व्हेक्टर नॉर्मलायझेशन एकेका स्पेक्ट्रमवर चालतात, ते बाहेर केलं तरी चालतं. पण पीसीए, स्केलिंग, वेव्हनंबरची निवड, सरासरी स्पेक्ट्रमचा आधार घेणारी कुठलीही दुरुस्ती, हे सगळं फक्त शिकवणीच्या भागावर शिकवायचं. सायकिट-लर्नची पाइपलाइन त्यासाठीच आहे. बाहेरच्या फेरीत परीक्षा, आतल्या फेरीत सेटिंगची निवड, अशी दुहेरी उलटतपासणी (नेस्टेड क्रॉस-व्हॅलिडेशन) ठेवा.

अल्गोरिदम कुठला? पीएलएस-डीए (स्पेक्ट्रमसाठी नेहमी वापरली जाणारी एक साधी रेषीय पद्धत) किंवा लिनिअर सपोर्ट व्हेक्टर मशीनपासून सुरू करा. दोनशे माणसांच्या डेटावर डीप लर्निंग लावणं म्हणजे चिलटाला तोफ. साधं मॉडेल कोणत्या वेव्हनंबरला वजन देतंय ते बघता येतं, आणि ते वजन वाफेच्या कंगव्यावर पडलं असेल तर लगेच कळतं. शेवटी लेबलं माणसांमध्ये पिसून हजार वेळा तीच प्रक्रिया चालवा. पिसलेल्या लेबलांवरही एयूसी ०.५ च्या आसपास न येता ०.७ येत राहिला, तर कुठेतरी गळती आहे.

पायरी ७: आकड्याला घाबरा

परीक्षेत ३० रुग्ण होते, २७ पकडले, संवेदनशीलता ९० टक्के. पण ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर ती सुमारे ७४ ते ९७ येते. निबंधात ही मर्यादा लिहा, नुसते ९० नको.

आता दुसरा हिशोब. संवेदनशीलता ९०, विशिष्टता ९०, आणि शंभरात एकाला आजार. दहा हजार लोक तपासले तर शंभर रुग्ण, त्यातले ९० सापडले. उरलेल्या ९,९०० पैकी ९९० जणांवर खोटा शिक्का. पॉझिटिव्ह आलेले १,०८०, त्यात खरे ९०, म्हणजे आठ टक्क्यांच्या थोडं वर. गावोगाव शिबिर लावून ही चाचणी करायची म्हटलं तर बाराजणांत अकरांची झोप विनाकारण उडणार. तीच चाचणी, शंभरात तीस जण खरोखर आजारी असलेल्या, इतर डॉक्टरांनी पाठवलेल्या रुग्णांच्या ओपीडीत लावली, तर पॉझिटिव्ह निघालेल्या दर पाचांत जवळजवळ चार खरे असतात. पहिल्या पायरीत प्रश्न भिंतीवर चिकटवायला सांगितला, तो यासाठी.

पायरी ८: दुसऱ्याच्या नळ्या

२००२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये सीरमवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखल्याचा निबंध आला. तंत्र इन्फ्रारेड नव्हतं, मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजणारी पद्धत) होतं, पण कल्पना हीच: सीरमचा नमुनेदार ठसा आणि संगणक. परीक्षेतल्या ५० पैकी ५० रुग्ण ओळखले, ६६ पैकी ६३ कंट्रोल. जगभर गाजावाजा झाला. मग ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातले कीथ बॅगरली आणि केविन कूम्ब्स यांनी निबंध लिहिणाऱ्या गटाने खुला ठेवलेला डेटा तपासला. एका डेटासेटमधला ठसा दुसऱ्यात टिकत नव्हता. काही ठिकाणी तर रुग्ण आणि कंट्रोल यांच्यातला फरक आलेखाच्या अशा टोकाला दिसत होता, जिथे यंत्राच्या गोंगाटाखेरीज काही नसतं. आमचं पिवळं झाकण त्यांच्याकडे वेगळ्या रूपात होतं, इतकंच. डेटा खुला होता म्हणून हे उघडकीला आलं, हेही त्या गटाच्या बाजूने सांगायला हवं.

तेव्हा मॉडेल गोठवा, एकही सेटिंग बदलायची नाही असं ठरवा, आणि दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडून, त्यांच्या लोकांनी काढलेल्या, त्यांच्या यंत्रावर मोजलेल्या नमुन्यांवर चालवा. आकडा पडेल. माझा दर वेळी पडला आहे. किती पडला ते छापा.

वाचणाऱ्यांपैकी कोणी घरच्या आजारपणातून या लेखापर्यंत आलं असेल, तर त्यांच्यासाठी: या चाचणीवरून कुणी आज पैसे घेऊन 'कर्करोग आहे किंवा नाही' असं लिहून देत असेल तर विश्वास ठेवू नका. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, स्तनातली गाठ, विनाकारण घटलेलं वजन यांसाठी डॉक्टर आणि बायोप्सी.

आणि ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांना पहिल्या आठवड्याचं काम देतो. रुग्णाचं रक्त नको. साक्षीदार साठ्यातल्या व्हायल घ्या, सोमवार ते शनिवार रोज दहा थेंब मोजा, आणि मॉडेलला वार ओळखायला सांगा. सहा वारांत नुसत्या अंदाजाने सोळा-सतरा टक्के बरोबर येतात. त्याने त्याहून बरंच जास्त ओळखलं, तर आधी एसी, सिलिका जेल आणि पुसायची पद्धत बघा, आणि पुढचा आठवडा पुन्हा तेच करा.